अकरावीच्या गणितात काय वाढून ठेवलेले असते

दहावीचा निकाल लागला की आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयासमोर पालकांची रांग लागते, आणि त्या रांगेतला एखादा तरी बाप खिडकीकडे न जाता सरळ माझ्यापाशी येऊन विचारतो, "मॅडम, आमच्या पोरीले गणित झेपन का?" मुलीला दहावीच्या गणितात शंभरापैकी नव्वद मिळालेले असतात, तरीही त्याला हा प्रश्न पडतो; कारण मागच्या वर्षी शेजारचा असाच नव्वदवाला मुलगा दिवाळीच्या आतच गणित सोडून बसलेला त्याने पाहिलेला असतो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला गणित शिकवते. "झेपेल, पाठवा," असे सांगून मी त्याला वाटेला लावते खरी, पण उभ्या उभ्या दिलेले ते उत्तर अर्धेच असते. उरलेले अर्धे येथे लिहीत आहे.

माझ्या मावसभावाची मुलगी अमेरिकेत टेक्सासमध्ये शिकते. नाताळच्या सुट्टीत ती गावी आली, तेव्हा तिच्या पिशवीत 'प्रीकॅल्क्युलस' म्हणजे कॅल्क्युलसच्या (एक गोष्ट बदलली की दुसरी किती वेगाने बदलते, त्या गणिताच्या) पूर्वतयारीच्या विषयाचे जाडजूड पुस्तक होते. तिकडच्या हायस्कुलात गणिताचा क्रम साधारणपणे आल्जिब्रा वन, जॉमेट्री, आल्जिब्रा टू, मग प्रीकॅल्क्युलस आणि जमल्यास शेवटच्या वर्षी कॅल्क्युलस असा असतो. कॉलेज बोर्ड या तिथल्या संस्थेने २०२३-२४ या वर्षापासून प्रीकॅल्क्युलसचा स्वतंत्र एपी (हायस्कुलातच शिकवला जाणारा महाविद्यालयीन पातळीचा) अभ्यासक्रमही सुरू केला असून त्याची पहिली परीक्षा मे २०२४ मध्ये झाली. त्यात बहुपदी आणि परिमेय फंक्शन, घातांक आणि लॉगॅरिदम, त्रिकोणमिती आणि ध्रुवीय निर्देशक असे तीन घटक परीक्षेला असतात. सदिश, मॅट्रिक्स वगैरेंचा चौथा घटक वर्गात शिकवता येतो, पण परीक्षेत विचारला जात नाही. आमच्याकडे या नावाचा विषय नाही, आणि म्हणूनच आमच्या मुलांना आपण कशाची तयारी करतो आहोत हे वर्षभर कुणी सांगत नाही. बालभारतीची अकरावीची दोन पुस्तके तिच्या पुस्तकाशेजारी ठेवून आम्ही दोघींनी अनुक्रमणिका ताडून पाहिल्या, तेव्हा आमची अकरावी म्हणजे बहुतांशी तिचा प्रीकॅल्क्युलसच निघाली. आमच्याकडे वर्तुळ, संभाव्यता, विचलनाची मापे, परम्युटेशन-कॉम्बिनेशन असे बरेच काही वरून लादलेले आहे आणि शेवटच्या तीन प्रकरणांत लिमिट, कंटिन्युइटी आणि डिफरन्शिएशन म्हणजे प्रत्यक्ष कॅल्क्युलसचा उंबरठाही येतो.

एक फरक मात्र मला खटकला. तिच्या पुस्तकात फंक्शन पहिल्या पानापासून आहे आणि बाकीचे सारे त्याच्या पोटात येते. आमच्याकडे पहिल्या भागाची सुरुवात कोनाच्या मापनाने होते, त्यामागून त्रिकोणमितीची दोन प्रकरणे येतात, आणि फंक्शन थेट दुसऱ्या भागाच्या सहाव्या प्रकरणात भेटते. म्हणजे साइन हे फंक्शन आहे हे कळण्याच्या कितीतरी आधी मुलांनी साइनची सूत्रे पाठ केलेली असतात. हा क्रम मला कधीच पटलेला नाही. मी पहिल्या आठवड्यात पुस्तक मिटूनच ठेवते आणि फंक्शन म्हणजे 'एकावर दुसरे अवलंबून असणे', एवढ्याच गोष्टीवर बोलते. अभ्यासक्रम मागे पडल्याबद्दल त्यासाठी बोलणीही खाल्ली आहेत.

आता त्रिकोणमिती, कारण पहिला धक्का तिथेच बसतो. दहावीपर्यंत थीटा म्हणजे कोन काटकोन त्रिकोणात राहतो, शून्य ते नव्वद अंशांच्या कुंपणात. शून्य, तीस, पंचेचाळीस, साठ आणि नव्वदचा तक्ता पाठ असला आणि झाडाची उंची काढता आली की काम भागते. अकरावीत हा थीटा एकशेवीस होतो, तीनशे होतो, उणेही होतो. एका मुलाने मला पहिल्याच तासाला विचारले होते, "मॅडम, काटकोन त्रिकोणात एकशेवीसचा कोन मावन तरी कसा?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो न विचारता पुढे जाणारी मुलेच पुढे अडकतात. तो त्रिकोणात मावत नाही, म्हणून त्रिकोण सोडावा लागतो आणि एक एकक त्रिज्येच्या वर्तुळावर फिरणारा बिंदू घ्यावा लागतो. तो बिंदू जितका वर किंवा खाली, तितका त्याचा साइन. जितका उजवीकडे किंवा डावीकडे, तितका कोसाइन. दहावीचा त्रिकोण या वर्तुळाच्या पहिल्या चतुर्थांशात जसाच्या तसा बसलेला दिसतो, त्यामुळे जुने काही खोटे ठरत नाही.

येथे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी एक गोष्ट मुद्दाम सांगते. वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडाला आपण दहावीत 'जीवा' म्हटले होते. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास पूर्ण जीवेऐवजी अर्ध्या जीवेची कोष्टके दिली, अर्धज्या म्हणजेच ज्या. हा 'जीवा' शब्द अरबीत 'जीबा' झाला, अरबी लेखनात स्वर लिहीत नसल्याने पुढे तो 'जैब' असा वाचला गेला, त्याचा अर्थ वस्त्राचा घोळ किंवा खोलगट भाग, आणि लॅटिनमध्ये त्याच अर्थाचा 'सायनस' हा शब्द आला. तोच आजचा साइन. म्हणजे जो शब्द परका वाटून मुलांच्या पोटात गोळा येतो, तो आपल्याच जीवेचा दूरचा नातू आहे.

ही गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली. अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीत मला २५ पैकी ६ गुण मिळाले होते, आणि त्यातली एक चूक अजून डोळ्यांसमोर आहे. साइन ७५ काढायचा होता. मी साइन ४५ आणि साइन ३० यांची बेरीज करून १.२०७ असे उत्तर लिहून मोकळी झाले होते. आमच्या सरांनी त्याच्याशेजारी लाल शाईने एवढेच लिहिले होते: 'अर्धी जीवा त्रिज्येपेक्षा मोठी?' खरे उत्तर ०.९६६ आहे. साइन एकाच्या वर जाऊच शकत नाही, कारण अर्धी जीवा त्रिज्येहून लांब असू शकत नाही, हे चित्र डोळ्यांपुढे असते तर ती बेरीज मी केलीच नसती. आजही माझ्या वर्गातल्या निम्म्या तरी मुलांची पहिली चूक हीच असते, आणि म्हणून सूत्रांचा तक्ता भिंतीवर लावण्याआधी मी ते वर्तुळ भिंतीवर लावते. सूत्रे पुष्कळ आहेत हे मान्यच. कोनांच्या बेरजेची, वजाबाकीची, दुप्पट, तिप्पट आणि अर्ध्या कोनाची, बेरजेचा गुणाकार करणारी, गुणाकाराची बेरीज करणारी. परंतु कोनांच्या बेरजेची दोन सूत्रे पक्की असली तर उरलेली बहुतेक सगळी कागदावर दहा मिनिटांत काढता येतात, आणि जो मुलगा ती एकदा स्वतः काढतो त्याला ती वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

रेडियनबद्दलही असेच. अंशांत सगळे सुखाने चालू असताना हे नवे माप कशाला, असे मुलांना वाटते. मी व्हरांड्यातली एखाद्या मुलीची सायकल वर्गात आणवते, चाकाच्या त्रिज्येएवढी दोरी कापते आणि ती टायरवर कडेने लावून दाखवते. तेवढी दोरी चाकाच्या मध्याशी जो कोन करते तो एक रेडियन, सुमारे ५७.३ अंश. पूर्ण चाकाला अशा सहा दोऱ्या लागतात आणि थोडी जागा उरते, कारण एकूण माप दोन पाय (२π) म्हणजे ६.२८ आहे. मग चाक जमिनीवरून चालवून पाहिले की कोन रेडियनमध्ये असेल तर त्याला त्रिज्येने गुणले म्हणजे सायकल किती पुढे गेली ते थेट मिळते, मधे १८० आणि पाय यांची लुडबुड होत नाही. कॅल्क्युलसमध्ये रेडियनच का लागतात याचे कारण याच सोयीत आहे.

भाषेचा अडथळा वेगळा सांगायला हवा. आमच्याकडे विज्ञान शाखा इंग्रजीतूनच शिकवली जाते, आणि सेमी इंग्रजी नसलेल्या शाळेतून आलेल्या मुलीला जुलैमध्ये छेद म्हणजे डिनॉमिनेटर, अवयव म्हणजे फॅक्टर, श्रेढी म्हणजे प्रोग्रेशन असे सगळे घर नव्याने लावावे लागते. यातले बहुतेक शब्द महिन्याभरात अंगवळणी पडतात. काही मात्र दगा देतात. मराठीत स्पर्शिका आणि टॅन हे दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजीत दोन्हींना टॅन्जन्टच म्हणतात, आणि वर्तुळाच्या प्रकरणात 'टॅन्जन्ट काढा' म्हटल्यावर मुले कोनाचा टॅन शोधत बसतात. हा गोंधळ निव्वळ योगायोगाचा नाही: एकक वर्तुळाला स्पर्शिका काढली आणि कोनाची बाजू तिला भिडेपर्यंत वाढवली, तर स्पर्शिकेचा जो तुकडा मिळतो त्याची लांबी म्हणजेच टॅन. अर्थात याबाबतीत मराठीलाही फार बोलायला जागा नाही. आपण वर्तुळाच्या तुकड्याला कंस म्हणतो आणि बेरजेभोवतीच्या खुणेलाही कंसच म्हणतो.

मधली काही प्रकरणे मी येथे भराभर सोडते. डिटर्मिनंट आणि मॅट्रिक्स हे नीटनेटक्या हाताचे काम आहे, चिन्ह चुकवले नाही तर गुण हमखास मिळतात. सरळ रेषा ही दहावीच्या निर्देशक भूमितीचीच मोठी बहीण. काँप्लेक्स संख्येत, दहावीला विवेचक उणे आला की 'वास्तव मुळे नाहीत' असे लिहून आपण जो दरवाजा लावून घेत होतो, तोच उघडतो. परम्युटेशन-कॉम्बिनेशन काही मुलांना पहिल्या दिवशी उमगते आणि काहींना बारावी संपेपर्यंत उमगत नाही. याचे कारण मला अजून सापडलेले नाही.

खरा विषय फंक्शनचा, ज्याला मराठीत फलन म्हणतात. दहावीपर्यंतचा एक्स म्हणजे हरवलेले जनावर होते; समीकरण सोडवून ते शोधायचे, दावणीला बांधायचे आणि उत्तराखाली रेघ मारायची. अकरावीत एक्स सुटा असतो आणि मुद्दाम सुटा सोडलेला असतो. तो चालला की वाय कसा चालतो, हे विचारायचे असते. नव्वद गुणांची मुलेही येथे बावरतात, कारण 'उत्तर काय आले?' या प्रश्नाला येथे एक आकडा नसतो. असतो तो आलेख, किंवा 'एक्स दोनपेक्षा मोठा असेपर्यंत वाढते' असे एखादे वाक्य. डोमेन आणि रेंज या दोन शब्दांचा धाक मुलांना विनाकारण वाटतो. आत काय घालता येते आणि बाहेर काय येऊ शकते, एवढाच त्यांचा अर्थ आहे. वर्गमुळात उणे संख्या घालता येत नाही आणि लॉगमध्ये शून्य घालता येत नाही, हे ज्याच्या लक्षात राहते त्याचे अर्धे प्रकरण झालेले असते.

लॉग शिकवताना मी पोस्टातल्या फलकाचा आधार घेते. किसान विकास पत्रावर २०२३ च्या एप्रिलपासून वार्षिक ७.५ टक्के व्याज आहे आणि रक्कम ११५ महिन्यांत दुप्पट होते, हे गावात सगळ्यांना माहीत असते. हे ११५ आले कुठून, असे विचारले की वर्ग गप्प होतो. दर वर्षी रक्कम १.०७५ पट होते. असे किती वेळा केले म्हणजे ती दोन पट होईल? लॉग टेबलात २ चा लॉग ०.३०१० आहे आणि १.०७५ चा ०.०३१४. पहिल्याला दुसऱ्याने भागले की ९.५९ वर्षे येतात, त्याला बाराने गुणले की ११५ महिने. टेक्सासची भाची हेच काम आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरवर दोन बटणांत करते. आमच्या मुलांना बोर्डाच्या भौतिक-रसायनाच्या परीक्षेतही कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबलच चालते, आणि एरवी मागासलेपणाचे वाटणारे हे बंधन लॉग म्हणजे काय ते समजण्यासाठी मात्र फार उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

आलेखासाठी आम्ही दिनमान घेतो. पंचांगातल्या नागपूरच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा घेऊन दर पंधरवड्याला दिवस किती मिनिटांचा आहे ते मुले वहीत मांडतात. सर्वांत मोठा दिवस २१ जूनच्या सुमारास, साधारण १३ तास २५ मिनिटांचा. सर्वांत लहान २२ डिसेंबरच्या सुमारास, साधारण १० तास ५१ मिनिटांचा. मधला आकडा ७२८ मिनिटे, आणि त्याच्या वर-खाली ७७ मिनिटांचा हेलकावा. वर्षाचे बिंदू जोडले की साइनची लाट कागदावर आपोआप उमटते: २१ मार्चपासून दिवस मोजले, त्यांना दोन पायने गुणून ३६५ ने भागले, त्याचा साइन घेऊन ७७ ने गुणला आणि त्यात ७२८ मिळवले की झाले. १४ जानेवारीसाठी हे सूत्र १० तास ५८ मिनिटे देते आणि पंचांगही जवळजवळ तेच सांगते. त्रिकोण, झाडाची सावली, शिडी यांच्यापलीकडे साइनला काही काम आहे, हे मुलांना पहिल्यांदा पटते ते या वहीमुळे.

आता त्या बापाच्या मूळ प्रश्नाकडे येते. अकरावीत गणिताला नापास होणारी मुले बहुधा अकरावीच्या गणिताने नापास होत नाहीत. मी उत्तरपत्रिका तपासते तेव्हा लिमिटच्या गणितात लिमिटची कल्पना बरोबर असते आणि त्याखाली अवयव पाडताना चिन्ह चुकलेले असते, अपूर्णांकांची बेरीज करताना छेदांचीही बेरीज केलेली असते, दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग करताना मधले पद गाळलेले असते. दहावीचे पुस्तक त्यामुळे रद्दीत देऊ नये. आमच्याकडे उन्हामुळे वर्ग तसेही जूनच्या अखेरीस किंवा त्यानंतर सुरू होतात; त्या रिकाम्या दिवसांत वर्गसमीकरणे, अवयव, घातांक आणि अपूर्णांकांच्या रोज दहा-दहा पदावल्या सोडवल्या तरी पुढचे अर्धे दुखणे वाचते. पुढचे पुस्तक आगाऊ वाचण्यापेक्षा मला हे अधिक मोलाचे वाटते.

दुसरे, हजेरी. मानव विकासच्या, म्हणजे मुलींना शाळेत ने-आण करणाऱ्या सरकारी योजनेच्या गाडीने येणाऱ्या मुलींची गाडी चुकली की पहिल्या दोन तासिका जातात, आणि वेचणीच्या दिवसांत तर मागचे बाक आठवडाभर रिकामे असतात. घरचा कापूस बोंडात फुटून उभा असताना मुलीला शाळेत पाठवा असे सांगणे मला जमत नाही. मात्र गणितात प्रकरणे एकमेकांवर चढलेली असतात, त्यामुळे बुडालेल्या तासाची वही त्याच संध्याकाळी मैत्रिणीकडून घ्यावी, महिन्याने घेऊन उपयोग होत नाही, एवढे मी आवर्जून सांगते.

तिसरी गोष्ट थोडी कडू आहे. अकरावीचे गुण पुढे कुठे मोजले जात नाहीत, असा समज सर्वत्र आहे, आणि काही ठिकाणी तर जानेवारीतच अकरावी गुंडाळून बारावीचा अभ्यासक्रम सुरू करतात. नाव एका ठिकाणी आणि शिकवणी अकोल्याला किंवा नागपूरला, हाही प्रकार आहेच. एमएचटी-सीईटी या अभियांत्रिकी वगैरेंच्या प्रवेश परीक्षेत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात आणि गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा असतो, हा हिशेब पालकांना लवकर कळतो. पण गुंडाळलेल्या त्या शेवटच्या प्रकरणांतच बारावीच्या इंटिग्रेशनचा पाया असतो, तो हिशेब कुणी मांडत नाही.

ती शेवटची प्रकरणे मी मार्चमध्ये दिनमानाच्याच वहीवर शिकवते. लिमिट म्हणजे एखाद्या ठिकाणी प्रत्यक्ष न पोहोचता, तिथे काय असायला हवे ते आजूबाजूने जाऊन ठरवणे. एक्सच्या वर्गातून चार वजा केले आणि एक्स वजा दोनने भागले, तर एक्सच्या जागी दोन ठेवताच शून्य भागिले शून्य येते आणि गाडी अडते, पण १.९, १.९९, १.९९९ असे दोनच्या जवळ जात राहिले तर उत्तर ३.९, ३.९९, ३.९९९ असे चारकडे सरकताना दिसते. हेच दिनमानाला लावायचे. एका दिवसात दिनमान किती बदलले, हा त्या लाटेचा त्या जागचा चढ. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पंचांगात आठवडाभर जवळजवळ तोच आकडा दिसतो, कारण लाट माथ्यावर आडवी झालेली असते. मूळ व्याख्येवरून साइनचे डिफरन्शिएशन केले, म्हणजे असा चढ काढला, की कोसाइन येतो, आणि आमच्या सूत्रात आकडे घातले की मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस रोज सव्वा मिनिटाहून थोडा जास्त वाढायला हवा, तर १४ जानेवारीला जेमतेम अर्धा मिनिट.

गेल्या वर्षी हा अर्धा मिनिट फळ्यावर आला तेव्हा दुसऱ्या बाकावरची एक मुलगी स्वतःशीच म्हणाली, "म्हणून आजी म्हणते का, संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो म्हणून?" मी खडू तिच्या हातात दिला आणि शिवरात्रीचा आकडा काढायला सांगितला.